शेडमध्ये तीस वर्षं उभी असलेली चार्जर घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सहा वर्षं मेलबर्नमध्ये आहेत, आयटीत नोकरी करतात, गाड्यांचा नाद लहानपणापासूनचा. बॅलरॅटच्या पुढे एका शेतावरच्या शेडमध्ये त्यांना १९७२ची क्रायस्लर व्हॅलियंट चार्जर मिळतेय. ७७० मॉडेल, २६५ हेमी सिक्स (सहा सिलिंडरचं इंजिन), ऑटोमॅटिक. तीस वर्षं जागची हललेली नाही, इंजिन जाम आहे. त्यांना विचारायचंय की आधी इंजिन उघडू की आधी रंग काढू, तीन वेबर कार्ब्युरेटर बसवून ती ई-३८ या शर्यतीच्या चार्जरसारखी करता येईल का, आणि दोन वर्षांत रस्त्यावर येईल का.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात रीबोअर आणि क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात हात काळे केले, आणि आता बावीस वर्षं मेलबर्नच्या आग्नेय भागात जुन्या ऑस्ट्रेलियन गाड्या उघडतोय. फाल्कन, टोराना, मोनारो, चार्जर, सगळ्या हाताखालून गेल्या. तरीही आधीच सांगतो, तुमची गाडी मी पाहिलेली नाही. पाठवलेल्या चार फोटोंपैकी दोनांत गाडीपेक्षा कोंबड्या जास्त दिसतात. त्यामुळे पुढचं बरंच काही "असेल तर" या शब्दांवर उभं आहे.

तुमचे तिन्ही प्रश्न इंजिनाभोवती फिरतात. साहजिक आहे, हेमी हा शब्दच तसा आहे. पण ही गाडी घ्यायची की नाही हे इंजिन ठरवणार नाही. ते दोन गोष्टी ठरवतील: पत्रा किती शिल्लक आहे, आणि तुमच्या मनात नेमकी कोणती गाडी आहे. इंजिन जाम आहे म्हणून विकणाऱ्याने भाव कमी केला असेल, तर त्याने तुम्हाला चुकीच्या दुखण्यावर सूट दिली आहे.

इंजिनाचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. २६५ म्हणजे ३.९१ इंच बोअर, ३.६८ इंच स्ट्रोक, सहा सिलिंडर, सुमारे ४.३ लिटर. सात मेन बेअरिंगवर फिरणारा क्रँक. मूळ आराखडा अमेरिकेत ट्रकसाठी सुरू झाला, तो ऑस्ट्रेलियाने पूर्ण केला आणि ॲडलेडच्या दक्षिणेला लोन्सडेलला ओतला. नावात हेमी, म्हणजे अर्धगोल, असलं तरी कंबश्चन चेंबर पूर्ण अर्धगोल नाहीत, ते जाहिरातवाल्यांचं काम. पण ओतीव कामात दम आहे. उद्यमनगरात मी इतके ब्लॉक पाहिले की लोखंडाला हात लावला तरी अंदाज येतो, आणि हा ब्लॉक मला पहिल्या दिवसापासून आवडला.

जाम इंजिनाला स्टार्टर लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं ॲसिटोन आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरचं तेल ओता, आठ-दहा दिवस विसरून जा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टवर लांब पाना लावून हाताने, अगदी थोडं पुढे आणि थोडं मागे. सुटलं तर आनंद, नाही सुटलं तर हेड काढायचं. दोन्ही बाबतींत इंजिन उघडायचंच आहे, कारण तीस वर्षं एकाच जागी चिकटलेल्या रिंगांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. खरी भीती आतल्या पाण्याची. शेतावर उभं करताना कुणी कूलंट बदललेलं नसतं, साधं पाणी असतं. ते वॉटर जॅकेट (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा) आतून खातं, वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) सडतात आणि सिलिंडरची भिंत पातळ होते. म्हणून रीबोअरला देण्याआधी भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या. बोअर वीस-तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवूनही जाडी पुरेशी उरत असेल तर पिस्टन मागवा, नाहीतर दुसरा ब्लॉक शोधा. २६५चे ब्लॉक सेडानमध्येही होते, ते मिळतात.

हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल इथे २००२पासून बंद आहे. टाकी, पाइप, पंप सगळं काढून फेका किंवा धुवा. तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. पुढे ई-१०च्या, म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, वाटेला जाऊ नका, जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. कॅमशाफ्ट नवा टाकलात तर जस्त जास्त असलेलं तेल भरा, आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं दोन हजारांच्या वर फिरतं ठेवा. आयडलवर सोडून शेजाऱ्याशी बोलत उभे राहिलात तर कॅमच्या टोकांचा चुरा होईल. इंजिनाचं एवढंच. चांगला मशीनिस्ट आणि थोडा पैसा हाताशी असेल तर हे काम काही महिन्यांचं आहे.

आता पत्रा. चार्जरला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्रा हाच सांगाडा. १९७१च्या ऑगस्टमध्ये क्रायस्लरने ही गाडी आणली ती व्हॅलियंट सेडानचा फ्लोअर आखडून. सेडानचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १११ इंच, चार्जरचा १०५. दोन लांब, जड दरवाजे, मागे उतरत गेलेलं छप्पर. दिसायला झकास, पण गंजाच्या दृष्टीने बघितलं तर पाणी साचायच्या जागा भरपूर.

पहिली जागा विंडस्क्रीनच्या खाली, वायपरच्या जाळीआड. तिथे पन्हळीसारखी पोकळी असते. गाडी झाडाखाली उभी असेल तर निलगिरीची पानं त्यात पडतात, कुजतात, वर्षानुवर्षं ओली राहतात. मग पाणी पुढच्या पॅसेंजरच्या पायाशी उतरतं. वरून काहीच दिसत नाही. इथला पत्रा बदलायचा म्हणजे पुढचा अर्धा भाग सोडवून वेल्डचे टाके उकलायचे. दुसरी जागा मागच्या काचेच्या खालचे कोपरे आणि तिथून डिकीपर्यंतचा भाग. पाणी रबराच्या आडून आत जातं आणि स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात जमतं. छतावर व्हायनिल असेल तर मी ते कात्रीने कापून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. विकणारा कापू देणार नाही हे खरं, पण निदान कडांना बोट दाबून बघा. कुरकुरलं तर आत पत्रा नाही, पापुद्रा आहे.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोक बघतात. व्हॅलियंटच्या पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नसते, टॉर्शन बार असतात. दोन लांब पोलादी सळया, पुढे कंट्रोल आर्मला आणि मागे फ्लोअरखालच्या एका आडव्या तुळईत अडकवलेल्या. गाडीच्या पुढच्या भागाचं सगळं वजन पिळाच्या रूपाने त्या तुळईवर असतं. ती सडली असेल तर गाडी चालवायची सोडा, जॅकवर चढवतानाही सांभाळा. अंगावर जुने कपडे घाला, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपा, आणि त्या तुळईला टोचा. टोक आत गेलं तर किंमत पुन्हा बोलायची, किंवा चहा पिऊन घरी यायचं.

बाकी सिल (दरवाजाखालची पोकळ पट्टी), पुढच्या मडगार्डचा खालचा भाग, दरवाजांचा तळ, मागच्या चाकाची कमान, या जागा कोणत्याही गाडीत सडतात. त्यासाठी फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजचं चुंबक पुरे. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एका चार्जरच्या मागच्या कमानीतून मी बोटभर जाडीची लांबी काढली आहे. तिच्या आत वर्तमानपत्राचा बोळा होता, त्यावर क्रिकेटचा स्कोअरही वाचता येत होता.

हे सगळं दुरुस्त होतं. पण फाल्कन किंवा होल्डनला पत्र्याचे नवे भाग जितके सहज मिळतात, तितके चार्जरला मिळत नाहीत. यांत्रिक भाग सेडानशी जुळतात, मागचे क्वार्टर (मागच्या चाकाभोवतीचा बाजूचा पत्रा) आणि दरवाजे जुळत नाहीत. जे मिळत नाही ते हाताने घडवावं लागतं. म्हणून सडक्या चार्जरपेक्षा चांगल्या पत्र्याची, इंजिनच नसलेली चार्जर मी डोळे झाकून घेईन.

आता दुसरा प्रश्न, ई-३८ करण्याचा. यात थोडा इतिहास आहे आणि बरंचसं भांडण आहे. ई-३८ आणि ई-४९ ही मुळात मॉडेलची नावं नाहीत, ऑर्डरच्या कागदावरचे इंजिनाचे कोड आहेत. आर/टी या चार्जरच्या स्पोर्ट आवृत्तीला शर्यतीसाठी २६५वर तीन वेबर ४५ डीसीओई कार्ब्युरेटर दिले. प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे दर सिलिंडरला स्वतःचा एक. ई-३८ला २८० अश्वशक्ती, पण गिअर तीनच. १९७२च्या ई-४९ला ३०२ अश्वशक्ती आणि चार गिअर. पाव मैल १४.४ सेकंदांत, सहा सिलिंडरवर. त्या वर्षी बॅथर्स्टच्या मोठ्या शर्यतीत पीटर ब्रॉक टोरानात जिंकला, तर चार्जर तिसरी आली. पण त्याआधीच, जूनमध्ये, सिडनीच्या 'सन-हेरल्ड'ने १६० मैल वेगाच्या गाड्या लवकरच रस्त्यावर येणार अशी बातमी पहिल्या पानावर छापली, राजकारण्यांनी आरडाओरडा केला आणि कंपन्यांनी अशा गाड्यांमधून अंग काढून घेतलं. ई-४९ म्हणूनच जेमतेम १४९ बनल्या.

इतक्या कमी गाड्या आणि आज इतकी किंमत, मग नकली बनणारच. ७७०वर वेबर चढवायचे, पट्टे रंगवायचे, पाट्या बदलायच्या. माझ्याकडे अशी एक आली होती. मालकाने अस्सल म्हणून घेतलेली. बॉडीवरच्या पाटीचे रिव्हेट नवे होते, पाटीखालचा रंग वेगळा होता. त्याला हे सांगताना मलाच घाम फुटला.

म्हणून तुम्हाला वेबर लावू नका असं मी म्हणत नाही, पण लावायचे तर उघडपणे लावा. पाट्यांना हात लावू नका, ७७०चे बॅज आणि मूळ मॅनिफोल्ड डब्यात जपून ठेवा, विकायची वेळ आली तर काय बदललं ते लेखी द्या. अशा गाडीला इथे ट्रिब्यूट म्हणतात, त्यात कमीपणा नाही. फक्त तीन वेबर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. सहा घसे, सहा मेन जेट, सहा आयडल जेट, सगळे एका तालात यावे लागतात. हिवाळ्यात सकाळी गाडी रुसते, सिग्नलला उभी राहिली की पेट्रोलचा वास, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी त्याचं कधीच नीट जमत नाही. त्या गाड्या टॉप गिअरमध्ये बॅथर्स्टच्या डोंगरावरून खाली सुटण्यासाठी होत्या, स्प्रिंगव्हेलला भाजी आणण्यासाठी नाही. मी तुमच्या जागी असतो तर एक चांगला चार-बॅरल कार्ब्युरेटर लावला असता, आणि उरलेले पैसे पत्र्यात घातले असते.

इथवरचं एका ओळीत: पत्रा बघून गाडी घ्या किंवा सोडा, ७७०ला ७७० राहू द्या, इंजिनाची काळजी करू नका.

आता क्रम, कारण पहिला प्रश्न तोच होता. रंग आधी की इंजिन आधी, याचं उत्तर दोन्ही नाही. आधी धातू. गाडी पूर्ण सोडवायची, प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडवण्याआधी दोनशे फोटो. बोल्ट सगळे इंची आहेत, यूएनएफ आणि यूएनसी आट्यांचे, त्यामुळे मिलिमीटरचे पाने लावून डोकी गोल करू नका. कोल्हापुरात जुन्या जीपवर काम केलेल्याला हे परके वाटत नाही, पण तुमच्याकडच्या बनिंग्ज या हार्डवेअर दुकानाच्या डब्यात ते पाने नसतील. मग बॉडी ब्लास्ट करून उघडी करायची. बॉनेट आणि छत अशा मोठ्या सपाट पत्र्यावर जोराने वाळू मारू देऊ नका, पत्रा तापून लाटा येतात. त्यानंतर लगेच इपॉक्सी प्रायमर, कारण उघड्या पत्र्याला मेलबर्नच्या हवेत एका रात्रीत तांबूस छटा येते.

मग वेल्डिंग. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. कामाला आलेली माझी पहिली चार्जर होती. दोन्ही बाजूंचे सिल सडलेले. हुशारी करून मी दोन्ही एकदम कापले, दरवाजाच्या चौकटीत आडवे बार वेल्ड न करता. सांगाडा पत्र्याचाच, त्यामुळे मधे पोट खाली बसलं. नवे सिल मी त्याच वाकलेल्या मापाने वेल्ड केले. दरवाजा लावायला गेलो तेव्हा वरच्या फटीत बोट जाईना आणि खालच्या फटीत अंगठा आरामात गेला. ते सगळं पुन्हा कापलं. सहा आठवडे गेले, मालकाकडून त्याचा एक डॉलर घेता आला नाही. तेव्हापासून माझा नियम: आधी चौकटीत बार, मग एका वेळी एकच बाजू, आणि प्रत्येक टप्प्याला दरवाजा लटकवून फट बघायची. चार्जरचा दरवाजा लांब आणि जड आहे, बिजागरीची पिन झिजलेलीच असते. ती आधी बदला, नाहीतर खोट्या फटीशी जुळवत बसाल.

रंगाआधी संपूर्ण गाडी एकदा कोरडी जोडून बघायची. काचा, बंपर, दिवे, पट्ट्या, सगळं. लोक हे टाळतात, कारण जोडून पुन्हा सोडायचा कंटाळा येतो. पण मागच्या काचेची पट्टी रंगानंतर बसत नाही असं कळणं फार महागात पडतं. हे झालं की रंग. व्हिटॅमिन सी किंवा प्लम क्रेझीचा मोह होईल, पण पाटीवर मूळ रंगाचा कोड असतो. तो कोणता आहे ते आधी बघा, कदाचित तोच तुम्हाला आवडेल. रंगानंतर सिलच्या आणि दरवाजांच्या पोकळीत मेण सोडायला विसरू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. त्या काळचे ब्रेक शू, क्लच प्लेट, इंजिनाचे गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची ही आपल्याकडची सवय इथे सोडा. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, पिशवीत बांधा. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉस २००३च्या अखेरीस पूर्ण बंद झालं, त्यामुळे परदेशातून जुने न वापरलेले गॅस्केट किंवा ब्रेक मागवलेत तर सीमेवर अडकतात आणि वर दंडही होऊ शकतो. नवे, ॲस्बेस्टॉस नसलेले इथेच मिळतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. पैसे देण्याआधी पीपीएसआर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर तपासा, दोन डॉलर लागतात आणि गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा राइट-ऑफ नोंदलेली आहे का ते कळतं. व्हिक्टोरियात पंचवीस वर्षांवरच्या गाड्यांना क्लब परमिट मिळतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवस, लॉगबुकात नोंद करून. मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्व आणि रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) लागतं. क्लबमध्ये आत्ताच जा, गाडी घेण्याआधी. व्हॅलियंटच्या क्लबात अशी माणसं भेटतील की ज्यांच्या गॅरेजमध्ये तुम्हाला हवा असलेला मागचा क्वार्टर वीस वर्षं पडून आहे. चार शनिवार त्यांच्यात बसलात, सॉसेज भाजायला मदत केलीत, तर तो बाहेर येतो.

राहिला दोन वर्षांचा प्रश्न. माझ्याकडे अशी गाडी पूर्ण करायला हजार तासांच्या आसपास लागतात, आणि माझ्याकडे लिफ्ट, रोटिसरी (बॉडी गोल फिरवायचा सांगाडा) आणि सवय आहे. तुम्ही दर शनिवारी आठ तास दिलेत आणि वर्षात सुट्ट्या, भारतवारी, मुलांचे वाढदिवस वगळून पंचेचाळीस शनिवार मिळाले, तर वर्षाला तीनशे साठ तास होतात. म्हणजे सगळं माझ्या वेगाने झालं तरी तीन वर्षं. मी चार धरेन. पैशाचा अर्धा वाटा पत्रा आणि रंगात जातो, पाव यांत्रिक कामात, आणि उरलेला क्रोम, काचा, सीट यांत नकळत वाहून जातो. घरी हे आधी सांगा. अर्ध्यात सोडलेली, पेट्यांत भरलेली गाडी विकायला गेलात तर कुणी घेत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या तशाच येतात.

आता शनिवारी बघायला जाल तेव्हा एक करा. सोबत प्लास्टिकची पाच लिटरची कॅन न्या. मालकाची परवानगी घेऊन वायपरच्या जाळीत हळूहळू पाणी ओता, आणि कुणाला तरी पुढच्या सीटजवळ कार्पेट उचलून, टॉर्च धरून बसवा. पाणी मडगार्डच्या मागून जमिनीवर पडलं तर मला फोटो पाठवा, पुढचं बोलू. पायाशी पडलं तर किती वेळात पडलं ते मोजून ठेवा, भाव करताना उपयोगी पडेल.